कोऱ्या टीपीवर सही केली आणि जंगल परक्याच्या हाती गेलं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. 2022 च्या हंगामात आमच्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीचा सचिव मीच होतो. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, लहानसं. सामूहिक वनहक्क मिळालेला, त्यामुळे बांबू आमचा आणि विकायचा अधिकारही आमचाच.

सगळ्यात चढी बोली शहरातल्या एका ठेकेदाराची आली. लांब बांबूमागे 45 रुपये. त्यातले 20 तोडणाऱ्याची मजुरी, 25 ग्रामसभेचे. दीड लाख आगाऊ मोजले, समाजमंदिरात आमच्यासोबत मांडी घालून जेवला. काम दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही, ही अट करारनाम्यात मीच लिहवून घेतली होती. त्याचा मला अभिमानही होता.

तोड सुरू झाली तर डेपोवर भलताच माणूस उभा. म्हणे सेठचा भाचा. मुन्शी नवा, ट्रक दुसऱ्या जिल्ह्याचे, पहिल्या आठवड्याची मजुरी आली तीही अनोळखी खात्यातून. आमची आत्या म्हणाली, "बाबू, हा तं आपला सेठ नाही. याला कोणी लिहून दिलं?" मी हसण्यावारी नेलं. मजुरी वेळेवर येत होती, आणि ठेकेदाराला फोन केला की तो म्हणायचा, "माझाच माणूस आहे, काळजी नको." तोड थांबवायला हवी होती ती त्याच दिवशी.

आता टीपीचं. टीपी म्हणजे वाहतूक परवाना, त्याशिवाय बांबूचा ट्रक नाका ओलांडत नाही. टीपीच्या कोऱ्या पानांचं पुस्तक गावाकडे यावं यासाठी आमच्या भागानं किती झगडा केला ते इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला, तरी वन विभाग बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचा वनमाल, मानायला तयार नव्हता. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढा-लेखात आले तेव्हा कुठे पुस्तक त्या गावाच्या हातात पडलं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी टीपी देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडेच दिला. आणि मी काय केलं? मामेभावाच्या लग्नाला चार दिवस जायचं होतं, म्हणून बारा कोऱ्या पानांवर सही-शिक्का मारून पुस्तक मुन्शीच्या हवाली केलं. परत आल्यावर उरलेली पानं मोजलीही नाहीत.

महिनाभरानं नाक्यावरून वनरक्षकाचा फोन आला. ट्रक अडवलाय, टीपी तुमच्या गावाची, पण ट्रक उलट्या दिशेनं आलाय. मी गेलो. सही माझी, शिक्का आमचा, बांबूचा आकडा मुन्शीच्या अक्षरात. तारीख पाहिली आणि पायाखालची जमीन सरकली. त्या दिवशी गावात मयत होती, कुणी कुऱ्हाडीला हात लावला नव्हता. भलत्याच जंगलातला बांबू आमच्या नावानं जात होता. हंगामाअखेर हिशेब जुळवला, तर आमच्या मोजणीत 22 हजार बांबू आणि टीपींवर 31 हजार.

मग खोदून काढलं. ठेकेदारानं आमचं काम नोटरीच्या कागदावर त्या 'भाच्याला' विकलं होतं, वर स्वतःचं कमिशन काढून. नातं वगैरे काही नव्हतं. ग्रामसभेचे साडेपाच लाख व्हायला हवे होते, त्यातले चार लाख बाकी. ठेकेदार म्हणतो, काम त्यानं केलं, पैसे त्याच्याकडून घ्या. भाचा म्हणतो, मी सेठला रोख मोजलेत, तुमच्याशी माझा करार आहे कुठे? ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, ही दिवाणी बाब आहे.

आमचा वनहक्कच मुळी कुणाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, वनहक्क कायद्याचं कलम 4(4) तेच सांगतं. ठेकेदार तोडलेल्या बांबूचा गिऱ्हाईक, बस. गिऱ्हाईकानं आमचं जंगल पुढे भाड्यानं द्यावं, आणि त्याला साधन आम्हीच पुरवावं! आमच्या नावानं त्यानं चोरीचा माल धुतला, उद्या चौकशी झाली तर सही माझी आहे.

पैशांपेक्षा जास्त जिव्हारी लागली ती नाल्यापलीकडची रांजी, म्हणजे बांबूचं बेट. त्या भाच्यानं बाहेरून मजूर आणून तिथं तोड केली. आमचे लोक वीतभर खुंट राखतात, यंदाचा कोवळा बांबू सोडून देतात. यांनी कोवळा-जुना सगळा जमिनीलगत छाटला. दुसऱ्या पावसाळ्यात आत्या वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन आली. मला काही बोलली नाही.

ग्रामसभेनं ठराव करून करार रद्द केला, जिल्हा समितीकडे तक्रार दिली. टीपीचं पुस्तक आता पेटीत, दोन कुलपांखाली. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी बचत गटातल्या एका बाईकडे. ट्रक भरून मोजल्याशिवाय पान फाटत नाही, आणि मजुरी करारात लिहिलेल्या खात्यातूनच आली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोड बंद. गेल्या हंगामात एक व्यापारी म्हणाला, "रात्री-बेरात्री गाडी निघते, दोन-चार सह्या करून ठेवा ना." बाईनं त्याला चहाही विचारला नाही.

चार लाखांपैकी साठ हजार आले आहेत. बाकीच्यांसाठी दर ग्रामसभेत माझं नाव निघतं.