लेथ मशीन आठ महिने वापरली, बाकी सगळं माफ पण तो स्विच माफ नाही

मशीनची माहिती फार लिहीत बसत नाही. बारा इंची, एक एचपी, सिंगल फेज, पाच पुल्यांची बेल्टवाली (बेल्ट दुसऱ्या पुलीवर टाकला की वेग बदलतो), लाकूड गरगर फिरवून पटाशीनं गोल कातायची साधी लेथ आहे, सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली. आमच्या तालुक्याच्या गावी एका संस्थेनं टिनाच्या शेडमध्ये सामायिक वर्कशॉप काढलं, महिन्याचे तीनशे भरा अन् जे वापरायचं ते वापरा. स्वतःची घ्यायची तर चाळीसेक हजार, लाटणी-पोळपाट विकून तेवढे काढायला पुढचा जन्म लागला असता, म्हणून जानेवारीत मेंबर झालो.

हा रिव्ह्यू फेब्रुवारीत लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. बेड म्हणजे खालचा पाट दणकट, टेलस्टॉक म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग सरळ, आवाज नाही. धुऱ्यावरच्या बाभळीची लाटणी काढली, आंब्याच्या फळीची चाकं काढली, एकदा हळदूचा तुकडा हाती लागला तर राजेहो, त्याचा पिवळा छिलका असा सलग रिबिनीसारखा निघत होता की मी काम सोडून तोच पाहत बसलो. तेव्हा स्विचकडे माझं लक्षही नव्हतं. साधा वर-खाली करायचा खटका, घरच्या बोर्डावर असतो तसाच, फक्त मोठा.

मे महिन्यात लक्ष गेलं.

दुपारचे दोन, टिनाखाली भट्टी, मी तीन इंची चाक फिरवत होतो अन् लाईन गेली. मशीन हळूहळू थांबली. मी टूल रेस्टचा, म्हणजे पटाशी टेकवायच्या आधाराचा, दांडा ढिला केला, रेस्ट लाकडाच्या जवळ सरकवली, पटाशी खाली ठेवली अन् माठातलं पाणी प्यायला गेलो. वीसेक मिनिटं झाली असतील. तेवढ्यात तिथं शिकायला येणारा एक पोट्टा मशीनखालचा भुसा झाडायला वाकला, गळ्यात दुपट्टा, दोन्ही टोकं लोंबत. आधी पंखा फिरला, मग ट्यूब फडफडली, अन् मग कोणी हातही लावला नाही तरी लेथ सुरू झाली. ढिली रेस्ट चाकाला लागून खाडकन फिरली, चाकाचा टवका उडून टिनावर आपटला. पोट्टा मागे पडला म्हणून वाचला. दुपट्ट्याचं एक टोक फिरत्या चकपासून (लाकूड पकडणाऱ्या जबड्यापासून) हातभरच होतं, हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं, माठाजवळून, ग्लास हातात घेऊन.

मग भांडण. तिथले मॅनेजर सर म्हणाले, "भाऊ, लाईन गेली का खटका बंद कराचा, एवढं सोपं हाय." मी म्हटलं, "सर, सोपं हाय म्हणूनच कोणाच्या ध्यानात राहत नाही." ते म्हणाले चूक तुमची. खरंय, चूक माझीच होती, आज शांतपणे लिहितो आहे म्हणून कबूल करतो, त्या दिवशी मी केलं नाही, उलट आवाज चढवला. पण जिथं तीस-चाळीस माणसं एक मशीन वापरतात तिथं लाईन कोणाच्या हातात असताना जाईल अन् कोणाच्या हातावर येईल याचा काही नेम आहे का?

विहिरीवर मोटर असणाऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. मोटरच्या स्टार्टरमध्ये नोव्होल्ट कॉईल असते. हिरवं बटन दाबलं की कॉईल आतला पट्टा ओढून धरते, लाईन गेली की तिची ताकद जाते, पट्टा सुटतो, आणि लाईन परत आली तरी कोणीतरी येऊन हिरवं दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. आम्ही शेतकऱ्यांनी काय केलं, रात्री दोनला लाईन येते म्हणून उठायचा कंटाळा, तर लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवून ती सोयच मारून टाकली. विहिरीवर चालते ते, तिथं रात्री दोनला चाकाजवळ कोण वाकते. लेथवर मात्र तीच कॉईल पाहिजे, अन् कंपनीनं नेमकी तीच दिली नाही.

कंपनीला फोन केला. नाव लिहीत नाही, कारण बाकी मशीनबद्दल तक्रार नाही अन् उगीच भानगड नको. पहिल्यांदा म्हणे स्विच वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं स्विच बिघडला नाही हो, स्विच आहे तसा आहे हाच त्रास आहे. मग दुसरी बाई फोनवर, मग तिसरा साहेब, त्यानं सांगितलं की लाईन गेल्यावर बंद राहणारा स्विच ऑप्शनल आहे, साडेतीन हजार अधिक कुरिअर. ऑप्शनल! मोटरसायकल घ्यायची अन् ब्रेक वेगळा विकत घ्यायचा म्हणल्यासारखं झालं. संस्थेकडे पैसे नव्हते, माझ्याकडे होते पण द्यायची इच्छा नव्हती.

घरी सोलर पंप आल्यापासून विहिरीवरचा जुना स्टार्टर गोठ्यात पडला होता. तोच आणला. इथं माझी हुशारी नडली, कारण तो थ्री फेजचा, त्याची कॉईल ४१५ व्होल्टची, २३० वर नुसती गुर्र करायची अन् पट्टा काही धरायची नाही. वायरमननं २३० व्होल्टची कॉईल टाकली, अडीचशे रुपये. मग म्हणाला रिले (मोटरनं जास्त करंट ओढला की ती बंद करणारा भाग) पण बदला, तुमच्या तीन एचपीच्या थ्री फेज मोटरपेक्षा ही एक एचपी सिंगल फेज जास्त अँपिअर ओढते. मला ते आधी पटलंच नाही, एक एचपी जास्त कशी ओढेल, पण त्यानं क्लँप मीटर लावून दाखवला अन् मी गप पैसे काढले. त्याची मजुरी धरून नऊशेच्या आत निपटलं. ज्यांना करायचं त्यांनी वायरमनकडूनच करा, अर्थिंग पाहून घ्या, मी स्वतः तारा जोडल्या नाहीत.

इथपर्यंतचं मी जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, तेव्हा मत होतं की स्विच सोडला तर मशीन एक नंबर. आता ऑगस्ट आहे, अन् दोन गोष्टी बदलाव्या लागतात.

एक म्हणजे बेल्ट. माझ्या आधीच्या माणसानं बारीक लाटणं काढलं, बेल्ट २४०० आरपीएमच्या (मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या) पुलीवर तसाच ठेवून गेला. मी आठ इंची वाडग्याचा ओंडका फेसप्लेटवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या तबकडीवर, चढवला, हातानं एक चक्कर फिरवून पाहिली, बरोबर फिरला, हिरवं दाबलं. सगळी मशीन पायापासून थरथरली. लाल बटन मी कसं दाबलं मला आठवत नाही. नंतर हिशोब केला, आठ इंचाची कड २४०० वर ताशी ९२ किलोमीटरनं पळते. माझी मोटरसायकल तेवढी कधी पळाली नाही. खराद्यांचा, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्यांचा, ठोकताळा असा आहे की इंचातला व्यास गुणिले आरपीएम सहा ते नऊ हजारांत राहायला पाहिजे, म्हणजे आठ इंचाला ७५० ते ११००, अन् लाकूड ओबडधोबड असलं तर त्याच्याही खालून सुरुवात. आता आम्ही काम झालं की बेल्ट सगळ्यात हळू पुलीवर ठेवूनच निघतो, भिंतीवर खडूनं लिहिलं आहे, तरी निम्मे विसरतात, म्हणून मी सुरू करायच्या आधी झाकण उघडून पाहतो.

दुसरं म्हणजे तोंडावरची काच. मी साठ रुपयांच्या चष्म्यावर भागवत होतो, फेस शिल्ड म्हणजे चोचले असं माझं मत होतं. जुलैत वाळलेल्या चिंचेच्या ओंडक्यात बारीक भेग होती, मला दिसली, मी म्हटलं चालते. चालली नाही. अर्धा किलोचा तुकडा सुटून कानाजवळून गेला, अन् मी त्या वेळी चाकाच्या रेषेत नव्हतो, बाजूला उभा होतो, फक्त म्हणून हे लिहितो आहे. दुसऱ्या दिवशी चारशेची शिल्ड घेतली. चारशे जास्तच वाटले, आजही वाटतात.

हातमोज्यांचं विचारतात सगळे. नाही घालायचे, फिरत्या लाकडात मोज्याचा धागा अडकला की हात सोबत जाते. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट काढून बाजूला ठेवायची, नाही तर बोटं मधात सापडतात. दुपट्टा तर आता दारातल्या खिळ्यालाच टांगायचा असा नियम आहे, तो पोट्टा स्वतःच सगळ्यांचे दुपट्टे काढून घेते.

आता तान्हा पोळा तोंडावर आला, नंदीबैलांची चाकं काढायला वर्कशॉपमध्ये गर्दी आहे, एकेका पोट्ट्याला वीस-वीस चाकं पाहिजेत. दिवसातून चार वेळा लाईन जाते. काल सकाळी मी लवकर गेलो तर माझ्या त्या स्टार्टरच्या हिरव्या बटनात आगपेटीची काडी खोचलेली, बटन दाबलेलंच राहावं म्हणून, म्हणजे लाईन आली की मशीन आपोआप सुरू. विचारलं तर म्हणतात, काका, दरखेपी उठून दाबा लागते ना.

काडी काढून खिशात टाकली. ओरडलो नाही. ऑटो स्विच घ्यायच्या आधी विहिरीवर बारा वर्षं मी हेच करत होतो, काडी पण अशीच, गुलाचं टोक बाहेर ठेवून.