काचांना फिल्म: आधी घरी, मग दुकानात (सात महिन्यांनंतर)

चलन हातात पडलं त्याच दिवशी लिहिणार होतो, पण तेव्हा शिव्याच जास्त आल्या असत्या.

गाडी वॅगनआर, गाव नागपूर. मार्चमध्ये दुकानदाराने बाजूच्या चार काचांचे ६,५०० सांगितले. काचेला कागद चिकटवायचे साडेसहा हजार! मी ९०० चा रोल मागवला. शाम्पूचं पाणी, रबरी पट्टी, बायकोचा हेअर ड्रायर, यूट्यूब. पहिल्या काचेला दोन तास गेले, चौथीला पाऊण तास. पाण्याचे फुगे दहा-बारा दिवसांत खरंच सुकले. तिसऱ्या दिवशी टोलवर फास्टॅग वाचला गेला नाही, काच खाली घ्यावी लागली आणि वरची कड सुटली, पण ती चूक माझी.

केसाचं मात्र काय करणार? ड्रायव्हरच्या काचेत, फिल्मच्या आत, आमच्या मांजरीचा एक केस अडकला. इंचभर, आकड्यासारखा वळलेला, बरोबर उजव्या आरशाच्या रेषेत. आरशात बघायला गेलं की आधी केस, मग मागची गाडी. बायको म्हणाली, तुम्हालाच दिसतो. तिला काय, ती डावीकडे बसते.

एप्रिलमध्ये चौकात पोलिसांनी काचेला उजेड मोजायचा मीटर लावला. आकडा आला ३६. रोलवर तर ५० छापलेलं! वाद घातला, चलन भरलं, घरी येऊन गणित केलं. कंपनीची काच स्वतःच साधारण ७०-७५ टक्के उजेड आत सोडते. त्यावर ५० ची फिल्म म्हणजे उरले ३५-३७. नियमाने बाजूच्या काचांतून किमान ५० हवा, पुढच्या-मागच्या काचेतून ७०. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर फिल्मच नको म्हटलं होतं. पुढे नियम बदलला, आणि केरळ हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये मर्यादेतली फिल्म चालेल असं सांगितलं. पण भर उन्हात चौकात केरळचा निकाल कोण ऐकतंय?

फिल्म सोलायला अख्खा रविवार गेला. निघाली ती, डिंक राहिला. मग निमूट त्याच दुकानात. ७० ची, उष्णता अडवणारी फिल्म, भाव तोवर ७,२००. लावून झाल्यावर पाहिलं तर काच जवळपास कोरीच! फसवलं म्हणून आठवडाभर धुमसत होतो.

मे महिन्यात मत बदलावं लागलं. पंचेचाळीस अंशांत उजव्या हाताला बसणारा चटका निम्म्यावर आला, एसी चारवरून दोनवर. माझी काळी फिल्म उजेड अडवायची आणि स्वतःच तव्यासारखी तापायची. ऊन चटकतं ते बरंचसं न दिसणाऱ्या किरणांनी, हे मला ७,२०० मोजून कळलं.

दुकानवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. डाव्या मागच्या काचेत धुळीचा कण होता. ‘फुगा आहे, पंधरा दिवसांत जाईल.’ फुगा जातो साहेब, कण जात नाही, मी चार काचा लावल्यात. तीन चकरा मारल्या, वॉरंटी कार्ड आपटलं, तेव्हा काच फुकटात पुन्हा करून दिली.

आरशाच्या रेषेत आता काही नाही. तरी सिग्नलला नजर तिथेच जाते.

उरलेला रोल बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला. वीस मिनिटांत. एक फुगा नाही.