टेक्सासची शिस्तभंग शाळा : एका पालकाचा अभिप्राय

टेक्सासच्या 1995 च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेला) शिस्तभंग करणाऱ्या मुलांसाठी पर्यायी शिक्षणाची सोय बंधनकारक केली, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला तरी रवानगी तिथेच होऊ लागली. आमचे चिरंजीव त्याच नियमाने गेले. दारात मेटल डिटेक्टर, मग खिसे उलटे करून झडती, आणि नंतर दिवसभर संगणकावरचे धडे. शिक्षक सौजन्याने वागले, हे मान्यच करायला हवे. मात्र कायद्याचा भर इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि स्वयंशिस्त एवढ्यावरच असल्याने त्याचे रोबोटिक्स बुडाले, आणि कायद्यात नमूद असलेले समुपदेशन, ज्याची खरी गरज होती, ते घाईघाईने उरकण्यात आले. 2025 मध्ये पहिल्यांदाच व्हेप सापडलेल्यांपुरती ही रवानगीची सक्ती सैल झाली, ते योग्यच झाले.