गळीत हंगामभर उभी बुलेट: बॅटरी मेंटेनर आणि कव्हर, दोन हंगामांनंतर

साखर कारखान्यातली नोकरी, त्यामुळे दिवाळीनंतर गळीत सुरू झालं की मुक्काम थेट मार्चपर्यंत कारखान्याच्या कॉलनीत. उसाच्या ट्रॉल्यांमधून रात्री-अपरात्री दुचाकी काढायची हौस आता राहिलेली नाही. त्यामुळे माझी जुनी इलेक्ट्रा (सेल्फवाली, कार्बोरेटरची) तेवढे महिने जुळे सोलापुरात घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तिच्यासाठी 1 अँपिअरचा ऑटोमॅटिक बॅटरी मेंटेनर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) आणि एक कव्हर घेतलं. दोन्हींचा हा दुसरा हंगाम.

हिवाळ्यात गाडी ठेवायच्या ज्या याद्या नेटवर फिरतात, त्या बर्फाच्या मुलखातल्या आहेत. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पंधरा-सोळा अंश आणि दुपारी तिसाच्या आसपास. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडण्याचा उद्योग इथल्या कोरड्या हवेत तीन-चार महिन्यांसाठी मी करत नाही. बॅटरीचं मात्र उलटं आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी उबेत जास्त वेगाने आपोआप उतरते, साधारण दर 10 अंशांना दुप्पट. म्हणजे थंडी नाही म्हणून बॅटरीची काळजी नाही, हे आपल्या गावात चालत नाही.

मेंटेनर घ्यायचा तर एकच प्रश्न आधी विचारा: लाईट जाऊन आली की हा स्वतःहून सुरू होतो का? बाजारात असे चार्जर आहेत, ज्यांचं बटण पुन्हा दाबावं लागतं. घरी आई एकटी, आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. बटणवाला चार्जर आठवडाभर नुसता लटकून राहिला असता. माझा आपोआप चालू होतो, याच एका गुणावर मी त्याला पैकीच्या पैकी देईन. फोनवर आमची चौकशी ठरलेली.

"आई, दिवा हिरवा आहे का लाल?"

"हिरवाच आहे रे. ती वायर तेवढी झाडताना पायात येते बघ."

वायर खरंच आखूड आहे. एक्स्टेंशन लावावं लागतं आणि ते जमिनीवर लोळतं. सोबतचे चिमटेही कमकुवत आहेत. मी ते बाजूला ठेवून फ्यूज असलेली रिंगवाली वायर बॅटरीला कायमची जोडली, तिचं टोक सीटखालून बाहेर काढलं. आता फक्त सॉकेट जोडायचं. व्होल्टेज दाखवायला स्क्रीन नाही, म्हणून मीटर लावून पाहतो. मार्चमध्ये मेंटेनर काढून रात्रभर तशीच ठेवल्यावर बॅटरी दोन्ही वेळा 12.7 व्होल्टच्या वर होती. 12.4 च्या खाली बॅटरी बराच काळ राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. वीजबिलात फरक दिसण्याइतकी वीज हा खात नाही.

पेट्रोलला मात्र मेंटेनर नाही, तिथे हातानेच काम करावं लागतं. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. (ते आमच्यासारख्याच कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येतं, तेव्हा मी कुणाच्या नावाने बोटं मोडणार!) टाकी गळ्यापर्यंत न भरता, पण आत हवेला फार जागा न ठेवता भरायची. मग कॉक बंद करून कार्बोरेटरच्या बाऊलचा (खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सोडायचा आणि आतलं पेट्रोल बाटलीत काढून घ्यायचं. कार्बोरेटर असेल तर हे पाच मिनिटांचं काम सगळ्यांत मोलाचं, कारण बाऊलमधलं पेट्रोल उडून गेलं की मागे राहणारा चिकट थर जेटमध्येच, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रांतच, बसतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हे लागू नाही. तिथे टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रावण) टाकून थोडं अंतर चालवून आणावी.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी घरी आलो की कुणीतरी म्हणतंच, "जरा सुरू करून ठेव की." पाच मिनिटं जागेवर सुरू करून मी ठेवत नाही. इंजिन नीट तापलं नाही, तर जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. काढलीच तर तुळजापूरला दर्शन घेऊन यायचं आणि आल्यावर बाऊल पुन्हा रिकामा करायचा. नाहीतर हात लावायचा नाही.

कव्हरने निराशा केली. चंदेरी कोटिंगचं, वॉटरप्रूफ म्हणून घेतलेलं. शेडला दुपारी एका बाजूने ऊन लागतं, तिथलं कोटिंग पहिल्याच हंगामात भुकटी होऊन टाकीवर बसलं. शेडमध्ये वॉटरप्रूफची गरजही नसते. आता आतून जुनी सोलापुरी चादर घालतो आणि वरून तेच कव्हर उलटं करून. सुती चादर धूळ अडवते आणि दमट हवा कोंडू देत नाही. तिच्या आधी गाडी धुऊन पुसून घ्यायलाच हवी. बोअरचं पाणी क्रोमवर वाळलं की पांढरे डाग पडतात.

बाकी किरकोळ: जुनं ऑइल आधीच बदलायचं, चेनला तेल, टायरमध्ये थोडी जास्त हवा, गाडी डबल स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, उंदरांसाठी. बोळा लाल कापडाचा घ्या, काढायचा राहत नाही. पीयूसी आणि विम्याच्या तारखा हंगामात संपतात का तेही पाहून ठेवा.

मार्चमध्ये परतल्यावर कॉक उघडतो, बाऊल भरेपर्यंत थांबतो, क्लच दाबून दोन-चार किका मारतो, म्हणजे चिकटलेल्या क्लचच्या प्लेटा सुटतात. मग सेल्फ. दोन्ही वर्षं फारसं झगडावं लागलं नाही.

महिनाभरच गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनरवर पैसे घालू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली तरी भागतं. लिथियम बॅटरी बसवली असेल तर हा मुळीच नको, तिला वेगळा चार्जर लागतो.