लीड्सचं कर्कगेट मार्केट: मॉल आधी, मासे नंतर

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये नव्या आलेल्या माणसाला व्हिक्टोरिया गेट हा 2016 चा चकचकीत मॉल लगेच सापडतो. जॉर्ज स्ट्रीट ओलांडली की पलीकडे कर्कगेट मार्केट हा जुना बाजार आहे, हे कळेपर्यंत फ्रीज सुपरमार्केटच्या प्लास्टिकबंद तुकड्यांनी भरलेला असतो.

आत शिरायचं ते व्हिकर लेनच्या दारातून. 1904 चा हा हॉल, त्याचं काचेचं छप्पर आणि सज्जा पेलणारे लोखंडी ड्रॅगन पाच मिनिटं मान वर करून बघावेत. मागे गेलं की छप्पर एकदम साधं होतं, कारण 1975 च्या आगीत तो भाग जळला. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीची सुरुवात 1884 मध्ये याच बाजारातल्या, पेनीला वस्तू विकणाऱ्या एका ठेल्यावर झाली.

खरा ऐवज मासळीच्या रांगेत. बांगडा, म्हणजे मॅकरेल, डोळे फुगीर आणि कल्ले लाल असतील तरच घ्यावा. 'स्मोक्ड', म्हणजे धुरी दिलेला, असं लिहिलेला कालवणाला चालत नाही. तो आधीच शिजलेला आणि खारट असतो. कोळंबीचंही तसंच: गुलाबी म्हणजे उकडलेली, परत शिजवली की रबर, करडी तीच कच्ची. मासेवाल्याचा हात सवयीने काटा काढलेल्या फिलेकडे जातो, त्यामुळे काट्यासकट आडवे तुकडे हवेत हे सुरी लागण्याआधीच सांगावं. डोकंही मागून घ्यावं, नाहीतर ते टोपलीत जातं.

पाउंड हे इथं पैशाचंही नाव आणि वजनाचंही. पाटीवर वजनी पाउंडाचा भाव असेल तर तो 454 ग्रॅमचा. किलोशी ताडून बघायला 2.2 ने गुणावं.

लॅम्ब म्हणजे कोवळं कोकरू. बोकडाच्या हिशोबाने सहा शिट्ट्या दिल्या तर त्याचा लगदा होतो, निम्म्या पुरतात. रश्श्याला खांदा किंवा मान हाडासकट घ्यावी, मांडी कोरडी पडते. वरची जाड चरबी तिथंच काढून घ्यावी, नाहीतर गार झाल्यावर रश्शावर थर धरतो आणि मेंढीचा वास येतो.

मागच्या उघड्या बाजारात फळंभाज्या वाडग्याच्या भावाने मिळतात. स्वस्त खऱ्या, पण वाडगा उलटवून दाखवायला सांगावा; नरम माल तळाशी असतो. (टोमॅटोच्या बाबतीत तर हमखास.)

रविवारी बाजार बंद. सोमवारी मासळी तुटपुंजी. शनिवारी दुपारनंतर भाव उतरतात, मात्र चारच्या आसपास मासेवाले बर्फ आवरायला लागतात. म्हणून मॉलमधली खरेदी आधी उरकावी. तिथल्या उबेत बांगडा दोन तास फिरवला तर घरी पोचेपर्यंत पोट फुटतं. मासे सगळ्यात शेवटी घ्यावेत आणि मागच्या दाराने बाहेर पडावं, बस स्टेशन तिथंच आहे.