मॉरिस मायनर घ्यावी की ट्रायम्फ हेराल्ड?

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या माणसाने ट्रायम्फ घेतली तर त्यात निवड कसली, असं मेहुण्याने मला तोंडावर ऐकवलं. हेराल्ड इथल्याच कॅनलीच्या कारखान्यातली, माझ्या घरापासून बसने दहा मिनिटांवर. तेव्हा निःपक्षपातीपणाचा आव मी आणत नाही. पण दोन्ही गाड्या एकेक महिना माझ्या दारात उभ्या होत्या आणि पहिले तीन आठवडे मी मायनरच घेणार होतो, एवढं आधीच सांगून टाकतो.

झालं असं. घरापासून अर्ध्या तासावर एका निवृत्त इंजिनिअरचं कोठार आहे. पूर्वी त्यात गवताच्या गंजी असायच्या, आता गंज काढलेल्या गाड्या आहेत. सतरा. सगळ्या ब्रिटिश आणि सगळ्या त्याने स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या: रायली, रोव्हर पी-४, ऑस्टिन ए-३५, एक एमजीए, बाकी बऱ्याच. प्रत्येक गाडीखाली ऑइल टिपायला पुठ्ठा आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख. डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा तो पुठ्ठे वाचतो. गुडघे गेले म्हणून त्याने दोन गाड्या काढायचं ठरवलं: १९६५ ची दोन दारांची मायनर १०००, आणि १९६९ ची हेराल्ड १३/६०. किंमत जवळपास सारखी. म्हणाला, विमा तुझ्या नावावर काढ, दोन्ही महिना-महिना चालव, मग बोल.

ब्रिटनमध्ये दोन्हींचे सरकारी लाड सारखेच. वय चाळीसच्या वर, त्यामुळे रोड टॅक्स नाही, मूळ रचनेत फार फेरफार केले नसतील तर एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्तीही नाही. (मी तरी दरवर्षी करून घेतो. दुसऱ्याच्या डोळ्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही.) इथेनॉलवाल्या ई-१० पेट्रोलपासून दोघींनाही लांब ठेवलेलं बरं. सुट्या भागांचं म्हणाल तर दोन्हींचं जवळजवळ सगळं आजही मिळतं, मायनरचं किंचित जास्त. मायनर सोळा लाखांवर बनल्या, हेराल्ड पाच लाखांवर, तेव्हा तेही साहजिक आहे.

मायनर चालवायला हेराल्डपेक्षा चांगली आहे. हे हेराल्ड घेतलेला माणूस सांगतोय. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या या गाडीचं स्टेअरिंग इतकं नेमकं आहे की वळणावर हात आपोआप थांबतो. रस्ता तळव्यांना कळतो. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस, त्याला शेवटच्या घडीला नमुना अरुंद वाटला म्हणून त्याने तो मधोमध कापून घेतला, अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे सरकवली आणि डोळ्यांना बरं वाटलं तिथे जोडायला लावली. चार इंच वाढली. बॉनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा दिसतो तो त्याच चार इंचांचा. मॉरिस कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच आवडली नव्हती, पाण्यात सोडलेल्या अंड्यासारखी दिसते म्हणाले असं सांगतात. आपल्याकडच्या माणसाला मात्र ते नाक बघून अँबेसेडर आठवते, आणि ते काही उगाच नाही. अँबेसेडरही मॉरिसच, ऑक्सफर्ड सीरिज थ्री.

आणि तिचा आवाज! उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून फुर्र-फुर्र-फुर्र असं काहीतरी येतं. पोट भरलेला घोडा नाकातून हवा सोडतो तसं. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला कशाचंच कौतुक नाही. ती खिडकी खाली करून तो आवाज ऐकायची.

हेराल्ड या बाबतीत नखरेल. दिसायला देखणी, मिकेलोत्ती या इटालियनाने रेखलेली. पण मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर खालीवर झुलतं आणि झुलताना कललंही जातं. ओल्या राउंडअबाउटवर वेगात शिरलात आणि घाबरून एकदम पाय काढलात, तर बाहेरचं मागचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडीचं बूड सरकू बघतं. माझं एकदा सरकलं. तीस मैलाच्या वेगात, म्हणून आज मजेत सांगतोय. शिवाय खडखड. स्पीड ब्रेकरवरून गेली की दारं, काच, डॅशबोर्ड, सगळे आपापलं मत नोंदवतात.

त्या खडखडीमागे कारण आहे. ट्रायम्फला बॉडीचा पत्रा ठोकून देणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ मध्ये बीएमसीने, म्हणजे मॉरिसवाल्या प्रतिस्पर्ध्याने, विकत घेतला. अख्खी बॉडी एकसंध बनवून द्यायला कोणी उरेना. मग ट्रायम्फने वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, केली आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी बनवून तिच्यावर नट-बोल्टांनी कसली. १९५९ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा हा प्रकार जुनाट वाटला असेल. आज तोच उपयोगी पडतो. मायनरमध्ये बाजूच्या पट्ट्या म्हणजे सिल कुजल्या की गाडीचा कणाच कुजला. कापा आणि वेल्डिंग करा. हेराल्डची सिल कुजली तर बोल्ट काढा, दुसरी लावा. छपरसुद्धा बोल्टांवर आहे. अर्थात चेसिसचे बाहेर आलेले हात कुजले तर तिथेही वेल्डिंगला पर्याय नाही, आणि ते कुजतातच.

पुढच्या चाकांचं दुखणं दोघींना सारखं. अख्खं वळणारं चाक आट्यांच्या एका खुंटीवर, ट्रनियनवर, तोललेलं असतं. मायनरला तिथे वेळेवर ग्रीस हवं, हेराल्डला ग्रीस नको, गिअर ऑइल हवं. विसरलात तर एके दिवशी पार्किंग करताना चाक आडवं होतं. इथे बरोबरी धरतो.

एवढं वाचून मायनरचं पारडं जड वाटत असेल. मलाही वाटत होतं. चौथ्या आठवड्यात एका शनिवारी ब्रेकचा पेडल जरा जास्त खाली गेला. मोठं काही नव्हतं, मागच्या एका चाकाचा सिलिंडर पाझरत होता. म्हटलं, तूर्त ब्रेक ऑइल भरू. बॉनेट उघडलं. डबी दिसेना. इंजिनाच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. शेवटी कोठारवाल्या म्हाताऱ्याला फोन लावला. तो आधी मनसोक्त हसला.

मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ज्यात हे ऑइल भरायचं तो, बॉनेटखाली नाहीच. तो ड्रायव्हरच्या पायाखाली आहे, गाडीच्या तळाखाली, पोकळ तुळईत बसवलेला. म्हणजे गालिचा उचलायचा, त्याखालचं झाकण काढायचं, आत बोट घालून बुच चाचपायचं, पान्याने ते फिरवायचं. ते करताना तुमचं डोकं स्टेअरिंगखाली, कंबर दाराच्या चौकटीवर आणि पाय बाहेर ड्राइव्हवेवर, पावसात. ऑइलची पातळी दिसत नाही. मी आईस्क्रीमची काडी बुडवून पाहिली, विहिरीचं पाणी मोजावं तशी. मग नळी लावलेल्या फनेलने थेंब-थेंब ओतलं, तरी सांडलंच. ब्रेक ऑइल रंग खातं हे तुम्हाला माहीत आहे. पुसेपर्यंत झाकणाभोवतीचा रंग सुरकुतायला लागला होता. शेजारच्या बाई कुत्रा घेऊन चालल्या होत्या, माझे पाय बघून थांबल्या आणि ॲम्ब्युलन्स बोलावू का म्हणाल्या. चाळीस मिनिटं गेली. चमचाभर ऑइलसाठी.

बरं, हे नुसतं ऑइल भरण्याचं. सिलिंडरच बिघडला तर तो काढायचा असतो, आणि त्याचे बोल्ट आडवे तुळईतून जातात. त्यांच्या वाटेत नेमका पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, स्प्रिंगचं काम करणारा दांडा. आधी तो सैल करून बाजूला घ्यायचा, मग बोल्ट निघणार. म्हाताऱ्याने हे काम दोनदा केलंय. दुसऱ्यांदा पैसे देऊन माणूस बोलावला, आणि हा माणूस रोव्हरचा गिअरबॉक्स एकट्याने उतरवणारा आहे.

यावर उपाय आहेत हे मान्य. बॉनेटखाली वेगळी डबी बसवून तिथून खाली नळी नेता येते, त्याचा तयार संच मिळतो, आणि मायनरवाले शपथेवर सांगतील की एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको. असेलही. पण मला त्या दिवशी कळलं ते वेगळंच. जुन्या गाडीत आपण चालवण्यापेक्षा जास्त वेळ तिच्याशी खटपट करण्यात घालवतो. ती खटपट कुठल्या आसनात करायची हा प्रश्न माझ्या वयाला, बावन्नला, स्टेअरिंगच्या नेमकेपणाहून मोठा आहे.

हेराल्डचं पुढचं सगळं तोंड, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला कलंडतं. दोन्ही बाजूंचे खटके सोडा, उचला, आणि इंजिन, स्टेअरिंग, ब्रेकची डबी, पुढचं सस्पेन्शन, सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. बसायला पुढचा टायर. आणि हे मी काही कॉव्हेंट्रीत येऊन शिकलो नाही. साताऱ्याला माझ्या मामांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली. तिथल्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती काढायला घेतली होती. खंबाटकीच्या घाटात ती हमखास तापायची. मामा गाडीचं तोंड उघडून ठेवायचे आणि आम्ही पोरं दोन टायरांवर दोघं बसून रेडिएटर निवायची वाट बघायचो. गॅरेजात मेस्त्रीही तसाच बसलेला असायचा, बशी टायरवर, चहा बशीत. गाडी दुरुस्त करणारा माणूस बसलेला असतो, अशी माझी समजूत लहानपणीच झाली. मायनरने ती मोडली, याचा मला राग आला असणार.

आठवणीपायी घेतली, असं म्हणाल तर वाद घालणार नाही. पण १३/६० ला पुढे डिस्क ब्रेकही आहेत, मायनरला चारही ड्रम. आणि पंचवीस फुटांत वळते! आमच्या गल्लीत एका फेऱ्यात यू टर्न घेते, तेव्हा समोरचा पोस्टमन अजूनही थांबून बघतो.

तुमचं चालवणं जास्त असेल, घाटवळणांचे रस्ते जवळ असतील, दुरुस्ती गॅरेजवाल्याकडून करून घेणार असाल, तर मायनर घ्या, आणि मनात शंका ठेवू नका. मायनरचाच लाकडी सांगाड्याचा प्रकार, ट्रॅव्हलर, मात्र सुतारकामाची हौस असेल तरच. ते लाकूड शोभेचं नाही, त्यावर गाडी उभी आहे. स्वतः पाना हातात घेणार असाल आणि पाठ माझ्यासारखी असेल, तर हेराल्ड एकदा बघून या. खडखडीची सवय होते. ओल्या राउंडअबाउटवर पाय सावकाश काढायचीही होते.

बघायला जाताना जुनी चादर आणि टॉर्च न्या. हेराल्डखाली आडवे होऊन चेसिसचे हात ठोकून बघा, आवाज बद्द आला तर निघून या. मायनर असेल तर कशाच्याही आधी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचला. झाकणाभोवती रंग सोललेला असेल, तर आधीचा मालक तिथे किती वेळा पालथा पडला असेल त्याचा अंदाज येईल. म्हाताऱ्याच्या मायनरमध्ये तिथला रंग नवा होता. माझा डाग पडण्याआधी.