धालसिमला एक तरी कुस्ती द्यायची होती : 'स्ट्रीट फायटर' (१९९४)

आधी निकाल सांगतो, मग भांडतो. खलनायक झालेल्या राउल जुलियाला पाचपैकी पाच, उरलेल्या पिक्चरला दीड. आणि धालसिमचं, म्हणजे गेममधल्या भारतीय योग्याचं, जे करून ठेवलंय त्यापायी त्या दीडातलाही अर्धा कापायला हात शिवशिवतोय.

मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून काढलेला हा पिक्चर. दिग्दर्शक स्टीव्हन डी सूझा, हिरो ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम, लांबी १०२ मिनिटं. एवढा जुना पिक्चर आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो 'स्ट्रीट फायटर ६' खेळतो. नव्या पिक्चरमध्ये धालसिमच्या रोलसाठी विद्युत जामवालचं नाव जाहीर झालं तेव्हा त्यानं विचारलं, "मामा, याच्या आधी धालसिम कोण झालेलं?" मी म्हटलं, रोशन सेठ. "कोण?" अरे, 'भारत एक खोज'मधले नेहरू. पोराला काही उमगलं नाही, पण आत ताईनं ऐकलं आणि ती पिठाच्या हातानंच बाहेर आली. "नेहरू? मारामारीत?" मग पिक्चर भाड्यानं घेतला आणि तिघांनी मिळून बघितला.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. कॅपकॉमनं १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' काढला. निवडायला आठ गडी. जपानचे ऱ्यू आणि होंडा, अमेरिकेचे केन आणि गाइल, चीनची चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, रशियाचा झँगिफ आणि आपला धालसिम. बाकीच्या सातांना हरवलं की पुढं चार बॉस : बॅलरॉग, वेगा, सगॅट आणि शेवटचा एम. बायसन. कोल्हापुरात एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात आमचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. रुपयाला एक कॉइन. मशीन अस्सल नसणार हे आता कळतं. रंग फाटलेले, आणि सहापैकी एक बटण कायम मेलेलं. सगळी पोरं ऱ्यू नाहीतर केन घ्यायची, कारण आग सोडता यायची. जॉयस्टिक खाली, तिरकी, पुढं आणि पंच. जमलं की अख्खं पार्लर "आडुगेन!" म्हणून ओरडायचं.

मी धालसिम घ्यायचो. गळ्यात कवट्या, डोक्यावर तीन पट्टे, तोंडातून आग, आणि हातपाय रबरासारखे लांब होणारे. असला योगी आम्ही ना पंचगंगेच्या घाटावर बघितला होता ना कुठल्या यात्रेत. जपानी माणसांनी मनानं रंगवलेला भारत होता तो. मागं दोन्ही बाजूंना हत्ती उभे, सोंडा वर करून ओरडणारे. पण अख्ख्या मशीनमध्ये आपला म्हणावा असा तो एकच. शिवाय त्याला खेळायला अक्कल लागायची. चालीला मंद, उडी मारली तर हवेत तरंगतच राहायचा, आणि झँगिफसारखा कोणी अंगाला येऊन भिडला की संपलंच. लांबून टोचत राहायचं, अंतर राखायचं, समोरचा वैतागून उडी मारतोय का याची वाट बघायची. पार्लरातली मोठी पोरं चिडून म्हणायची, हा काय लढतोय, हा तर नुसता हात लांब करतोय. तीच तर गंमत होती.

या गेमची जान कथेत नव्हतीच कधी. ती जोडीत होती. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात लोक उन्हात तासन् तास बसतात ते कोणाचा कोणाशी जोड लागलाय ते बघायला. एक उंच, एक बुटका. एक ढाक टाकणारा, एक पट काढणारा. दोघं समोरासमोर आले, सलामी झाली की मग मधे कोणी यायचं नाही, निकाल लागेपर्यंत. गाइलचा गडी बसून जॉयस्टिक मागं धरून ठेवणार, संधी मिळाली की सॉनिक बूम, म्हणजे लांबून मारायचा वार, सोडणार. झँगिफचा गडी जॉयस्टिकचा अख्खा गरका मारून जवळ ओढायला बघणार. धालसिमचा गडी त्या दोघांपासून लांब. तीन प्रकारची माणसं, तीन प्रकारची डोकी. पिक्चरवाल्यांना एवढंच उचलायचं होतं.

त्यांनी काय केलं? सगळ्यांना नोकऱ्या लावल्या.

गाइल झाला 'अलाइड नेशन्स'च्या फौजेचा कर्नल. चुन-ली टीव्हीची बातमीदार. होंडा आणि बॅलरॉग, म्हणजे एक सुमो पैलवान आणि एक बॉक्सर, तिच्या गाडीतले कॅमेरा-साउंडचे लोक. ऱ्यू आणि केन, ज्यांच्या नावानं पार्लरात भांडणं व्हायची, ते नकली हत्यारं विकणारे दोन भामटे. सगॅट हत्यारांचा दलाल. शॅडलू नावाचा एक देश, तिथं बायसननं मदतकार्यातली माणसं ओलीस धरलेली, खंडणी २० अब्ज डॉलर. ही सगळी व्हॅन डॅमच्या फौजेची गोष्ट, बाकीचे दहा-बारा लढवय्ये तिच्या आजूबाजूला गर्दी करून उभे. गाइलच्या दंडावर अमेरिकेचा झेंडा गोंदवलेला आणि उच्चार बेल्जियमचे, हे तर मी विनोद म्हणून सोडून देतो.

पण एक सीन सोडता येत नाही. सगॅटच्या अड्ड्यावर पिंजरा लावलाय. आत ऱ्यू, समोर मुखवटा आणि पंजा घातलेला वेगा. भोवती लोक आरडाओरडा करतायत. मी सोफ्यावर पुढं सरकून बसलो, भाचा पण सरकला. जोड लागला! आणि त्याच क्षणाला भिंत फोडून गाइलची चिलखती गाडी आत. सगळ्यांना अटक. कुस्ती रद्द.

"मामा, हे काय?" भाचा म्हणाला. मी काय सांगणार.

पुढं चुन-ली बायसनच्या खोलीत एकटी सापडते. बायसननं तिच्या बापाला मारलेलं, त्याचा सूड. ती त्याला धरून बडवते, अगदी मनासारखं बडवते, आणि आता निकाल लागणार एवढ्यात दार तोडून तिचे साथीदार तिला वाचवायला आत घुसतात. बायसन निसटतो, वर गॅस सोडून सगळ्यांना बेशुद्ध करतो. दुसऱ्यांदा तेच. शेवटी बायसनच्या तळावर ऱ्यू-वेगा, केन-सगॅट अशा जोड्या लागतात खऱ्या, पण तोवर चहूकडून गोळीबार आणि स्फोट चाललेले, कॅमेरा कुणापाशीच थांबत नाही. त्यात त्यातल्या त्यात रंगते ती होंडा आणि झँगिफची झोंबाझोंबी. दोन अवजड गडी बायसनच्या नियोजित शहराच्या खेळण्यातल्या इमारती तुडवत भिडतात आणि मागून जपानी राक्षसपटातले आवाज येतात. ताई तिथं खूप हसली. मीही.

आता धालसिम. रोशन सेठ इथं डॉक्टर आहे. म्हणजे वैज्ञानिक, बायसनच्या प्रयोगशाळेत डांबलेला. त्याला गाइलच्या मित्राचा राक्षस करायला लावलेलं असतं. हा मित्र म्हणजे कार्लोस ब्लांका, टोपणनाव चार्ली. गेममध्ये गाइलचा मेलेला दोस्त चार्ली वेगळा आणि ब्राझीलच्या जंगलातला ब्लांका वेगळा. यांनी दोघांचं एकच माणूस केलं. असो. तर या कार्लोसच्या मेंदूत हिंसा भरायची म्हणून त्याला पडद्यावर मारकाटीची दृश्यं दाखवत असतात. धालसिम गुपचूप ती बदलून शांततेची, माणुसकीची चित्रं घालतो. ते बघून ताई म्हणाली, "बघ, नेहरूच आहेत." हे एवढ्यासाठी सांगतोय की नट वाईट नाही, लेखकाच्या डोक्यातही काहीतरी कल्पना होती. भारतीय आहे, मग अहिंसा. पण भावा, गेममधला धालसिमही शांततावादीच आहे. गावासाठी पैसे मिळावेत म्हणून लढतो, मारल्याचं त्याला वाईट वाटतं, आणि तरी लढतो. ते द्वंद्व फुकट तयार मिळालं होतं. त्याऐवजी आम्हाला मिळाला पांढऱ्या कोटातला, घाबरलेला, कागद सांभाळणारा माणूस.

भाचा सारखा विचारत होता, "हा लढणार कधी?" पहारेकऱ्याशी एक झटापट होते. रसायनं अंगावर सांडतात. शेवटाला धालसिमचं टक्कल पडलेलं, कपडे फाटलेले, म्हणजे गेममधल्या रूपाच्या जवळ आणून ठेवलेला. मला वाटलं, आता. आता हात लांब होणार. तो म्हणतो, माझ्या हातून पाप झालंय, मी इथंच थांबतो. आणि तळ उडतो त्यात ब्लांकाबरोबर मागं राहतो. आगीचा एक लोळ नाही, एक फूटभर सुद्धा हात लांब झाला नाही. शेवटच्या दृश्यात बाकीचे सगळे गेममध्ये जिंकल्यावर देतात तशी पोज देऊन उभे राहतात. त्या रांगेत आपला माणूस नाही.

त्याहून मोठं दुखणं पुढच्या वर्षी आलं. १९९५ मध्ये या पिक्चरवरून परत गेम काढला, नटांचे फोटो घेऊन केलेला. म्हणजे गेमवरून पिक्चर, पिक्चरवरून गेम. त्यात पिक्चरपुरता जन्माला घातलेला कॅप्टन सवाडा आहे. आर्केडच्या, म्हणजे पार्लरातल्या, मशीनमध्ये तर बायसनच्या शिपायांतला ब्लेड नावाचा एक गडीसुद्धा आहे. धालसिम नाही!

आता राउल जुलिया. या माणसासाठी मी भांडण मिटवायला तयार आहे. बायसनच्या लाल गणवेशात तो असा उभा राहतो जणू शेक्सपिअरचं नाटक चाललंय आणि समोर राजघराणं बसलंय. सगॅटला पैसे म्हणून स्वतःच्या तोंडाची नोट देतो, आणि तिचा भाव पाच ब्रिटिश पौंड कसा ठरणार तर यांच्या राणीला मी पळवून आणल्यावर, हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की क्षणभर पटतं. आपल्या भावी राजधानीच्या नकाशात खाण्याची दुकानं कमी पडतील याची त्याला काळजी. चुन-ली बापाच्या मरणाची कहाणी सांगते तेव्हा तो म्हणतो, तुझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस असेल, माझ्यासाठी मंगळवार होता. बस्स. अख्ख्या पिक्चरमध्ये गेममधला बायसन कुठं जिवंत असेल तर या एका ओळीत. शूटिंगच्या वेळी तो कॅन्सरनं आजारी होता, चेहऱ्यावर दिसतंही. ऑक्टोबर १९९४ मध्ये गेला, पिक्चर लागला डिसेंबरात. शेवटी त्याच्या नावे अर्पणपत्रिका आहे.

त्या काळी पिक्चरवाल्यांना गेम कळतच नव्हते, असं कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. १९९४ मध्येच जपानात 'स्ट्रीट फायटर टू'चा अ‍ॅनिमेशनपट आला, गिसाबुरो सुगीचा. त्यात चुन-लीच्या घरात वेगा घुसतो ती मारामारी बघा. दोन माणसं, एक खोली, आणि निकाल लागेपर्यंत कोणी मधे येत नाही. त्यात धालसिमसुद्धा लढतो, भारतातच, होंडाशी, लांब हातांनी. आणि पुढच्याच वर्षी आलेल्या, असल्याच दुसऱ्या गेमवरच्या 'मॉर्टल कॉम्बॅट'नं रक्त वगळलं, पण स्पर्धा ठेवली. बेटावर सगळ्यांना जमवून एकेकाला एकेकापुढं उभं केलं. आमच्या पिढीच्या पोरांना तो आवडला तो एवढ्याच कारणानं. २००९ चा चुन-लीवरचा पिक्चर मात्र बघू नका. बायसन तिथं सूटबूट घालून बँकॉकमध्ये जमिनीचे व्यवहार करतो.

विद्युत जामवालकडून माझी मागणी फार नाही. तो कलरीपयट्टू, म्हणजे केरळची युद्धकला, शिकलेला गडी आहे, अंगात लवचिकता आहे. त्याला संगणकानं लांब केलेले हात द्या, नाहीतर तसाच लढवा. पण त्याच्यासमोर एक गडी उभा करा, भिंत फोडून कोणी आत येऊ देऊ नका आणि दोन-तीन मिनिटं कॅमेरा तिथंच ठेवा. हत्ती नसले तरी चालतील.

तोवर १९९४ चा बघायचा असेल तर राउल जुलियासाठी बघा, जेवताना लावा, आणि पिंजऱ्याचा सीन आला की चपाती आणायला उठा.